कर्नलसाहेबांची सुई

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. घरी सांगायची सोय नाही, बाहेर तर नाहीच, मग ते पोटात साठत जातात आणि माणूस नुसता येरझाऱ्या घालतो. मी घालते. नवरा म्हणतो, "लोकांची भीती घालवतेस आणि स्वतःला चहा संपेपर्यंत एका जागी बसवत नाही!" खरं आहे. म्हणून आज ज्यांनी परवानगी दिली त्यांचेच सांगते, नावं बदलून. कर्नलसाहेबांची अट एकच होती, "नाव काय वाटेल ते लिहा, रँक कमी करू नका."

मी मूळची अमरावतीची, चंदीगडला सायकॉलॉजिस्ट. सेक्टर ३४ मध्ये, कोचिंग क्लासच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर आमचं क्लिनिक. गिल मॅडम औषधं बघतात. भीतीची आणि माणसाची समोरासमोर गाठ घालून द्यायची, हे काम माझं. रिसेप्शनला सुनीता, आणि तिचं निदान आमच्या आधी तयार असतं. लिफ्टने आला तो नातेवाईक, जिना चढून धापा टाकत आला तो पेशंट.

* * *

मोहालीच्या एका प्राध्यापिकाबाईंना पालीची भीती. पाल दिसली की त्या खोलीला कुलूप. अशी एकेक करत अर्धं घर बंद झालं तेव्हा त्या आमच्याकडे आल्या.

आमची पद्धत पायऱ्यांची. आधी पालीचं चित्र, मग व्हिडिओ, मग रबराची पाल, शेवटी खरी. दर पायरीला भीती चढते. आपण पळालो नाही तर ती आपली आपण उतरते. शास्त्र एवढंच आहे, पण ते अंगाने शिकावं लागतं.

बाई रबरापर्यंत छान आल्या. खऱ्या पालीची पाळी आली ऐन डिसेंबरात. इथल्या थंडीत पाल आणायची कुठून? सुनीता झाडू घेऊन ट्यूबलाइटमागे शोधतेय, मी कोचिंग क्लासच्या नोटीस बोर्डामागे डोकं घालून उभी, आणि पोरं माझ्याकडे बघतायत. शेवटी हरून बाईंना फोन केला, "आज नहीं हो पाएगा जी, छिपकली नहीं मिली."

बाई पलीकडून म्हणाल्या,

"मॅडम, हमारे गीज़र के पीछे एक है. डिब्बे में ले आऊँ?"

त्या दिवशी मी त्यांची फाइल बंद केली.

* * *

सगळे विचारतात, भीती येते कुठून? कधी एखाद्या जुन्या प्रसंगातून, कधी रक्तातून, आणि कधी चक्क शेजारच्या खुर्चीवरून.

एक आई मुलाला घेऊन आली. पोरगा कुत्र्याला घाबरतो. "पता नहीं किस पे गया है जी, हमारे खानदान में कोई नहीं डरता."

पुढे त्याच्या सरावासाठी वॉचमनने एक पिल्लू आणलं. मुलगा थरथरला, थांबला, मग बोट पुढे केलं. पिल्लाने ते चाटलं. मी कौतुकाने आईकडे वळले तर खुर्ची रिकामी. थोड्या वेळाने पोरगा पिल्लू कडेवर घेऊन बाथरूमच्या दाराशी उभा होता. "मम्मी, बाहर आ जाओ. छोटा-सा है, कुछ नहीं करता."

* * *

त्याच आठवड्यात कदम कर्नल आले. मूळचे साताऱ्याचे, रिटायर होऊन पंचकुल्यात राहिलेले. मुलगी आणि जावई दोघंही फौजेत, दोघांची पोस्टिंग लांब, म्हणून आठ वर्षांची नात इरा आजी-आजोबांकडे. इराला लहानपणीच होतो तो मधुमेह. प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिन टोचावंच लागतं, त्याला सुट्टी नाही. ते काम आजीचं, म्हणजे कर्नलसाहेबांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं, कारण सुई दिसली की कर्नलसाहेब जमिनीवर.

आणि जानेवारीत काकूंच्या बहिणीचं कऱ्हाडला खुब्याचं ऑपरेशन. "तिला माझ्याशिवाय कोणी नाही गं," काकू म्हणाल्या. "पण मी गेले तर पोरीला टोचणार कोण?"

मी इन्सुलिन टोचायचं पेन, टोपण लावलेलं, नुसतं टेबलावर ठेवलं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. सुनीता बिचारी मायेने म्हणाली, "अंकल जी, रिलॅक्स. लंबी साँस लो." साहेबांनी घेतली, आणि खुर्चीसकट आडवे.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"मी पडलो नाही. पोझिशन घेतली."

* * *

सुई आणि रक्ताच्या भीतीत एक गोम आहे. बाकीच्या भीतीत छाती धडधडत राहते. इथे बऱ्याच जणांचं ब्लडप्रेशर आधी चढतं आणि मग एकदम कोसळतं, म्हणून चक्कर. हे घराण्यातही चालत येतं. साहेबांचे वडील दाढी करताना कापलं तरी आडवे व्हायचे. त्यामुळे इथे अंग सैल सोडलं की संपलं. उलट मांड्या, पोटऱ्या, पोट आवळून धरायचं, चेहरा गरम झाला की जरासं सोडायचं, पुन्हा आवळायचं. मोकळा फक्त टोचणारा हात.

साहेबांना पटेना. "अहो मॅडम, आम्हाला जन्मभर डॉक्टर सांगत आले, ढिले सोडा. आता आवळा म्हणता. म्हणजे नक्की करायचं काय?"

मी समजावून थकले. उठून खिडकीपर्यंत गेले, परत आले. इरा कोपऱ्यात चित्र रंगवत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदी. मान वर न करता म्हणाली, "आजोबा, मतलब सावधान. विश्राम नहीं."

 साहेब उठले, टाचा जुळवल्या, छाती पुढे. हळूहळू गालांवर रंग आला. मी पेनाचं टोपण काढलं. साहेब उभेच.

तिथून सराव सुरू झाला, किन्नूंवर, म्हणजे इथल्या संत्र्यांवर. टेबलावर किन्नूंची टोपली, साहेब टाचा जुळवून एकेकाला टोचतायत, आणि हुकूम इराचा. अडचण एकच. हुकूम मिळाला नाही की साहेब ढिले पडायचे, आणि ढिले पडले की संपलंच. पुढे इरालाही त्यांनी टोचलं, पण तेव्हा काकूंचा हात त्यांच्या पाठीवर होता.

* * *

संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच काकूंचं विमान उडालं. नाश्त्याआधीची सुई त्या देऊन गेल्या. दुपारची साहेबांची, एकट्याने, पहिल्यांदा.

आमच्या मराठी मंडळात निम्मी फौज. धुकं निवळून लॉनवर ऊन आलेलं, टेबलावर गुळपोळी. इरा मुठीत तिळाचा लाडू धरून बसली होती. सुई झाल्याशिवाय तो खायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक. मी लांबच थांबले. जवळ गेले असते तर साहेब माझ्या आधाराने उभे राहिले असते, आणि त्या उभं राहण्याचा काही उपयोग नव्हता. पण पाय स्वस्थ बसेनात. मी सॅलडच्या टेबलाभोवती उगीच चकरा मारत होते.

साहेबांनी पेन काढलं, सुई लावली, डोसचा आकडा बघितला.  कपाळावर घाम, ओठ पांढरे. शेजारी बसलेल्या एका काकांनी प्रेमाने त्यांचा खांदा धरला. "साहेब, बसा. आराम करा. दीर्घ श्वास घ्या."

साहेबांनी श्वास घेतला. गुडघे वाकायला लागले. माझ्या हातातली प्लेट कुठे गेली मला आठवत नाही. मी निघालेच होते.

तेवढ्यात इरा खुर्चीवर चढली, एका हाताने पोटावरचा स्वेटर वर केला, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "सावधान!"

सगळ्या लॉनवर टाचा वाजल्या. हातात प्लेट घेतलेले ब्रिगेडियर ताठ. दोन विंग कमांडर ताठ. रांगेतले रिटायर्ड सुभेदार अर्धी गुळपोळी तोंडात धरून ताठ. त्यांचं बघून केटररचे सरदारजीही पळी खाली घेऊन उभे राहिले.

आणि सगळ्यांच्या मधोमध आमचे कर्नलसाहेब, टाचा जुळलेल्या, मान ताठ, चेहरा टोमॅटोसारखा लाल. फक्त उजवा हात मोकळा. तो पुढे गेला. पेनाची बारीक टिकटिक त्या शांततेत मला एवढ्या लांबून ऐकू आली. सुई लगेच काढायची नसते, म्हणून साहेब ओठ हलवत मनात अंक मोजत होते. मग सुई बाहेर आली.  माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

इराने स्वेटर खाली केला, लाडू तोंडात टाकला आणि खुर्चीवर उभी राहूनच चावायला लागली.

कोणी हलेना.

ब्रिगेडियर ओठ न हलवता मला म्हणाले, "मॅडम, विश्राम कोण देणार?"

मी इराकडे बघितलं. तिने सगळ्यांना बोटाने 'थांबा' अशी खूण केली. तोंडात घास असताना बोलायचं नाही, हे तिला आजोबांनीच शिकवलं होतं.