घाबरण्याच्या परीक्षेची तयारी

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकावं, असं माहेरी म्हणतात. उरलेलं निम्मं नवरा वजा करतो. तरी सांगते.

आमची लेक ओ लेव्हलला, म्हणजे इथल्या दहावीला बसायची होती. हुशार अशी, की आमचं निम्मं पुंगोल उपनगर तिच्या वह्या उतरवून पास झालं असेल. पण परीक्षेच्या हॉलमध्ये गेली की हात बर्फ. सराव परीक्षेत गणिताचा पेपर समोर ठेवून ती शेवटपर्यंत बसून राहिली आणि कोरा देऊन आली.

"एकही गणित आलं नाही?"

"सगळी येत होती," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मला काही वाटेनासंच झालं. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि त्या दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात वाजतायत असं वाटायचं.

शाळा म्हणाली, हिला वेगळी खोली मिळेल, मध्ये उठून बाहेर जायची मुभा मिळेल. पण सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट हवा. तोआ पायोहमधल्या क्लिनिकची वेळ घेतली.

नवरा जहाजावर इंजिनिअर. भर समुद्रातून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मुलाखत आहे ना? मग तयारी करून घे तिची."

आमच्या खानदानात तयारीशिवाय मुलाखतीला कुणी गेलेलं नाही. मी तर कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाचीही रंगीत तालीम केली होती, पोह्यांसकट. चष्मा नाकावर ओढून मी सायकॉलॉजिस्ट झाले. ताठ बस. डोळ्यांत बघून बोल. 'माहीत नाही' म्हणायचं नाही. उत्तर संपलं की हसायचं.

"आई, इट्स नॉट अ टेस्ट, लाह." इथल्या मुलांचं प्रत्येक वाक्य 'लाह'वर संपतं.

"तुला काय माहीत? परत पहिल्यापासून."

क्लिनिकमधल्या बाई माझ्याच वयाच्या, चिनी, हळू बोलणाऱ्या. लेकीशी बराच वेळ बोलून झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "तुमची मुलगी फार छान बोलते. शांत आहे. आज तरी मला काळजीचं काही दिसलं नाही."

मी गप्प. हे माझ्या ओळखीच्यांना सांगा, कुणी विश्वास ठेवणार नाही. लेक शेजारी बसून अजून हसत होती. हसू थांबवायचं कधी, हे मी शिकवलंच नव्हतं.

शेवटी म्हटलं, "आम्ही तिची तयारी करून घेतली होती."

"कशाची?"

"तुमच्या प्रश्नांची."

बाई लेकीकडे वळल्या. "ती तयारी कशी झाली?"

"ओके, लाह," लेक म्हणाली. "रोज प्रॅक्टिस झाली की मला व्हॉमिट व्हायचं. आज एमआरटी स्टेशनवर पण झालं. आई म्हणाली, चूळ भर आणि हस."

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. असंच म्हणाले होते मी, याच शब्दांत.

बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर दोन आज्या एका खुर्चीवरून भांडत होत्या. एरवी त्या खुर्चीची मी रामायणाएवढी कथा केली असती. नुसती बघत बसले.

बाईंनी रिपोर्ट दिला, परीक्षेला वेगळी खोली मिळाली. नवऱ्याला कळवलं, तर म्हणाला, "बघ, तयारी कामाला आली." मी हो म्हटलं. समुद्रातल्या माणसाला कशाला समजावत बसा.

गणिताच्या दिवशी लेक घरी आली, मोजे काढले आणि तिथेच जमिनीवर बसली.

"सुरुवातीला हातच उचलला नाही," ती आपणहून म्हणाली. "मग टीचर म्हणाली, बाहेर जाऊन ये. गेले. आले. मग लिहिलं."

"पूर्ण?"

"नाही. शेवटची दोन राहिली."

"बरं," मी म्हटलं, आणि तिचं ताट वाढायला घेतलं.