हौदावरचं टेबल

शेंद्र्याच्या कंपनीत मी तीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. केसाएवढा फरक याच्या बोटाला कळतो, असं आमचे साहेब म्हणायचे. मी काय, मान खाली घालून ऐकायचो आणि आतून फुगायचो. रिटायर झाल्यावर आमच्याच शहरातल्या सातारा परिसरात घर बांधायला काढलं, तेव्हा मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, पुढचं पार्किंग म्हणजे माझं वर्कशॉप. गाडी बाहेर उन्हात तापली तरी चालेल.

बायकोनं पण एकच गोष्ट मागितली. "मला मोठा हौद पाहिजे. बाकी घर तुम्ही कसंही बांधा." मुकुंदवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत आमचा जन्म गेला. नळ आठ-आठ दिवसांनी यायचा. त्या दिवशी ही ड्रम, घागरी, पातेली, इतकंच काय, कुकरसुद्धा भरून ठेवायची. त्यामुळं हौदाला मी नाय म्हणायचा प्रश्नच नव्हता. फक्त तो बसला पार्किंगच्या फरशीखाली, म्हणजे माझ्या वर्कशॉपमध्ये.

आता फरशीच्या मधोमध लोखंडी झाकण उंच आलेलं मला चालणार व्हय? मी स्वतः झाकण बनवलं. खाली जाड पत्रा, वर तीच फरशी चिकटवलेली, आणि चारी बाजूंनी असं घासून बसवलं की फटीत पोस्टकार्ड जाणार नाय. उचलायला दोन भोकांत आटे पाडले होते, पण कचरा जायला नको म्हणून तीही पुट्टीनं बुजवली. आमचे गवंडी चाचा बाजूला बिडी ओढत बघत होते. म्हणाले, "साब, इत्ता बराबर नक्को बिठाओ. बाद में ढूंडते फिरेंगे आप."

"चाचा, माप माझ्या डोक्यात असतं," मी म्हणालो. चाचांनी फक्त बिडी विझवली.

घरात शिरलो त्या दिवशी भंतेजींनी वंदना घेतली, शंभरेक माणूस पार्किंगमध्ये जेवून गेलं, पण हौद कुठंय हे एकालाही कळलं नाय. मी तर लई खूश! बायकोनं एकदा विचारलं, "झाकण नेमकं कुठंय हो?" मी म्हणालो, "तुला कशाला पाहिजे? आपोआप भरतं, आपोआप बंद होतं." ती आत निघून गेली. मला वाटलं, पटलं.

मग टेबल आलं. सहा फुटांचं, लोखंडी अँगलचं, वर सागवानी फळी, कोपऱ्यात काम पकडायला वाइस आणि खाली जमिनीलगत जड हत्यारांचा कप्पा. काम करताना टेबल हललं तर ते टेबल कसलं? म्हणून चारी पाय बोल्टनं जमिनीत पक्के केले, वर नट वेल्डिंग करून टाकले. लेव्हल लावली, बुडबुडा मधोमध. आठ महिने मी त्या टेबलापाशी राजासारखा बसलो. गल्लीतल्या कुकरच्या दांड्या, सायकली, शिलाई मशीन, सगळं माझ्याकडं.

मार्चमधल्या एका दुपारी नळ आला. बायको आतून येऊन पार्किंगमध्ये उभी राहिली. मग वाकली, आणि चक्क फरशीला कान लावला.

"पाणी पडत नाय आत."

"काहीतरीच काय."

"अहो, आवाज नाय! वरची टाकी सकाळीच संपलीय, मोटरही हौदातून पाणी ओढत नाय. झाकण उघडा."

हौद भरला की पाणी बंद करणारा आतला फ्लोटचा गोळा अडकला असणार, हे मला कळलं. हात घालून हलवला की झालं. मी भिंतीपासून चौथी फरशी ठोकली. भरीव. पाचवी ठोकली. भरीव. चाचांचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मी परत भिंतीपासून मोजायला लागलो. भिंतीलगतची अर्धी कापलेली फरशी मी मोजताना धरलीच नव्हती! पोकळ आवाज आला तो टेबलाच्या कप्प्याखालून.

बायकोनं टेबलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "वा रे तुमचं माप!"

नळ असतो दोन तास. नळाचा पाईपही मी हौशीनं फरशीखालून नेलेला, बाहेर कुठं तोंडच ठेवलं नव्हतं. आज पाणी गेलं तर पुढचे आठ दिवस काय प्यायचं? मी ग्राइंडर लावला. आपल्याच हातानं वेल्डिंग केलेले नट कापताना जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू. दोन कापले आणि लाईट गेली. मग हातानं लोखंड कापायचा हॅक्सॉ घेतला. हाताला फोड आले तेव्हा तिनं पदर खोचला, "सरका" म्हणाली आणि स्वतः बसली. पाती वाकडी चालत होती, तोंडही चालत होतं. "मशीनची मापं घेता, घराचं एक माप येईना!" मला राग यायला पाहिजे होता, पण हसूच आलं. मग तीही हसायला लागली, आणि आमचा हॅक्सॉ पाच मिनिटं बंद पडला.

शेजारच्या दोघांनी हात लावला. टेबल रस्त्यावर आडवं झालं. पुट्टी टोकरून आट्यांत बोल्ट फिरवले, झाकण उचललं. तिनंच आडवं होऊन आत हात घातला, गोळ्याला एक टपली मारली, आणि धो धो पाणी सुरू झालं. नळ अजून तासभर तरी होता.

मी रस्त्यावर टेबल बघायला गेलो. परत आलो, तर ती हौदाच्या काठावर मांडी घालून बसलेली. मी हाक मारली, तिनं ऐकलं नाय. पाणी चढत चढत वर आलं, गोळा उचलला गेला, आवाज थांबला. हौद काठोकाठ.

"एवढं सगळं पाणी आपलं हाय व्हय?" तिनं विचारलं.

तीस वर्षं तिनं पाणी भरलं, आणि भरलेला हौद ती आज पहिल्यांदा बघत होती. आठ महिने मी त्याच्यावर बसून कुकरच्या दांड्या बसवत होतो. माझी मलाच लाज वाटली. मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "राहू द्या आता. बसा इथं."

टेबल रस्त्यावरच पडलेलं होतं. मी तिच्या शेजारी बसलो.