साइड पॅनेलवरची लाल अक्षरं

तिसरी पाचर ठोकली आणि कट् असा आवाज आला. फायबरच्या कामात हा आवाज ऐकायला कान आसुसलेले असतात. मोल्ड सुटला, असा त्याचा अर्थ. मी दोन्ही हातांनी मोल्ड उचलला आणि खालचं पॅनेल पाहिलं. पॅनेल कोरं काळं होतं. त्यावरची लाल अक्षरं गेली होती.

मोल्ड उलटा करून पाहिला. अक्षरं तिथे होती, पण उलटी.

मी फायबरचा मिस्त्री. काशीमीऱ्याच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं बसचे बंपर आणि डॅशबोर्ड बनवले. कारखाना दुसरीकडे हलला तेव्हा मी घरी बसलो. बसलो म्हणजे नुसता बसलो नाही. गोडदेवला आमचं तळमजल्याचं घर आहे, मागे पत्र्याची पडवी आहे. तिथे किरकोळ कामं घेतो. कुणाच्या स्कूटरचं तुटलेलं मडगार्ड, कुणाच्या जुन्या बाइकचं न मिळणारं पॅनेल. फायबर घट्ट करायला जे रेझिन लागतं, त्याचा वास उग्र असतो. मी डबा उघडला की शेजारच्या मंजुबेन खिडकी बंद करतात, आणि मला ऐकू जाईल अशी बंद करतात.

मोल्ड सुटण्याच्या काही दिवस आधी दारात एक जुनी काळी मोटरसायकल येऊन थांबली. चालवणारी पन्नाशी उलटलेली बाई. मागच्या सीटवर मासळीचा मोठा डबा बांधलेला. ही रोजलीन, समुद्रकाठच्या उत्तन गावची. भाईंदर वेस्टच्या बिल्डिंगांमध्ये ती मासळीच्या ऑर्डरी पोचवते. बाइक नवऱ्याची. तो गेल्यावर चाळिशीच्या पुढे ती गाडी शिकली आणि याच बाइकवर धंदा उभा केला.

"मिस्त्री, ह्यो पत्रा बघ. सडत चाललाय," ती म्हणाली. उत्तनच्या बोलीत सगळ्यांनाच अरे-तुरे असतं, त्यात अपमान नसतो.

बाइकच्या सीटखाली बाजूला जे झाकण असतं, त्याला साइड पॅनेल म्हणतात. हिचं पॅनेल लोखंडी पत्र्याचं होतं. डब्यातलं मासळीचं पाणी गळून खालची कड गंजली होती. आणि पॅनेलवर लाल ऑइल पेंटने, हाताने लिहिलं होतं: रोजलीन. अक्षरं ओबडधोबड. सुरुवातीचा 'रो' ऐसपैस, आणि शेवटी जागा न उरल्यामुळे 'न' कोपऱ्यात दाबून बसवलेला.

"तुमचं नाव?"

"आमच्या होडीचं. होडीला माजंच नाव ठेवलं होतं त्यानं. होडी विकली त्या दिशी डब्यात थोडा रंग उरला होता. त्यानं ह्येच्यावर लिवलं. म्हटला, होडी गेली तरी तू माज्याबरोबर फिरशील."

'ज'च्या दांडीत ब्रशचा एक केस रंगात चिकटून सुकला होता. मला असला कचरा खपत नाही. मी नखाने काढायला गेलो तशी तिने माझा हात धरला.

"हात लावू नको. होडीच्या ब्रशाचा हाय तो."

तिला हवं होतं ते अगदी साधं. याच मापाचं फायबरचं पॅनेल, काळं, कोरं. फायबर गंजत नाही. ते बाइकला लावायचं, आणि हे जुनं घरात भिंतीवर, नवऱ्याच्या फोटोखाली. धंद्याला तिच्याकडे दुसरी गाडी नव्हती आणि पॅनेलशिवायही बाइक चालते, म्हणून मी म्हटलं, नुसतं पॅनेल ठेवून जा, पुढच्या रविवारी या. निघताना तिने दोनदा सांगितलं, "अक्षरं जप."

आता हे काम कसं होतं ते सांगतो. ज्याची कॉपी करायची, त्या मूळ वस्तूला पॅटर्न म्हणतात. पॅटर्नवर फायबरचा थर चढवला, तो वाळवून सुटा केला की झाला मोल्ड, म्हणजे साचा. मग त्या साच्यात नवीन पॅनेल काढायचं. फायबर पॅटर्नला चिकटू नये म्हणून आधी वॅक्स घासतात, मोदकाच्या साच्याला तूप लावतात तसं. पहिल्यांदाच मोल्ड काढताना पाच-सहा हात वॅक्स, प्रत्येक हात पुसून चकचकीत करून. त्यावर पीव्हीए नावाचं पातळ पाणी. ते सुकलं की कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा तयार होतो. त्यानंतर जेलकोट. हा जाड रंगासारखा पहिला थर, पृष्ठभाग याचाच दिसतो. मग काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन.

हे सगळं मला पाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तरीही घोळ केला, आणि तो हुशारीपोटी केला.

बाई कोरं पॅनेल मागत होती. मला वाटलं, नुसतं कोरं काय द्यायचं? रंग जाड होता, अक्षरांना उठाव होता. मोल्डमध्ये तो उठाव घेतला तर नव्या पॅनेलवरही 'रोजलीन' उमटेल. तिच्या नवऱ्याचं अक्षर, फायबरमध्ये, कधीही न गंजणारं. रविवारी हातात देईन तेव्हा तिचा चेहरा कसा होईल, हेही मी मनात पाहून घेतलं होतं. माझी बायको सुनंदा म्हणाली, "तिने मागितलंय का?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं."

वॅक्सचे हात जास्त झाले की बारीक कडा बुजतात. म्हणून अक्षरांवर मी दोनच हात दिले. पीव्हीएच्या पडद्याने उठाव बोथट होतो, म्हणून तिथे पीव्हीए मारलंच नाही. टेस्ट मात्र केली होती. पॅनेलच्या मागच्या कोपऱ्यात जेलकोटचा ठिपका लावून पाहिला, रंगाला काही झालं नाही. पण तो कोपरा कंपनीच्या रंगाचा, भट्टीत भाजलेला. अक्षरं होडीच्या ऑइल पेंटची. जेलकोटमध्ये जे उग्र द्रव्य असतं, ते असल्या रंगाला मऊ करून उचलतं. पॉलिशच्या कामात पेंटर लोक रिमूव्हर लावतात, साधारण तसंच. अक्षरांना हात लावू नको म्हणाली, म्हणून अक्षरांवर टेस्ट केली नाही. आणि मग त्याच अक्षरांवर अख्खा डबा चढवला. याला काय म्हणायचं?

सेलोटेपची एक पट्टी अक्षरांवर मारली असती तर काम संपलं होतं. कोरं पॅनेल निघालं असतं, अक्षरं जिथल्या तिथे राहिली असती. पडवीच्या खिळ्याला सेलोटेपचं रीळ लटकलेलं होतं.

मंगळवारी सकाळी मोल्ड सुटला तेव्हा हे सगळं एका झटक्यात कळलं. मोल्डच्या आत लाल अक्षरं जेलकोटमध्ये रुतून बसली होती, अगदी सपाट, त्या केसासकट. नखाने ओरबाडून पाहिलं. निघत नव्हती.

सुनंदा आली. तिने पाहिलं. आत जाऊन भिंतीवरचा छोटा आरसा घेऊन आली आणि मोल्डसमोर धरला.

"बघा, सरळ दिसतंय. रोजलीन. दाबलेला 'न'सुद्धा तसाच आहे."

"मग?"

"मग काय? तिला फोन करा. सांगा असं असं झालं, आणि हे देऊन टाका."

"उलटी अक्षरं देऊ? लोक काय म्हणतील, अठ्ठावीस वर्षं काम केलं आणि पॅटर्न खाल्ला?"

"लोक कुठे आहेत इथे?" ती म्हणाली आणि आरसा घेऊन आत गेली.

फोन केला नाही. अक्षरांसकट मोल्डवर आता सगळीकडे सहा हात वॅक्स दिलं, पीव्हीए मारलं, आणि गुरुवारपर्यंत नवीन पॅनेल काढलं. अक्षरं मोल्डमध्ये सपाट रुतलेली असल्याने नव्या पॅनेलवर कसलाच उठाव आला नाही. गुळगुळीत, कोरं पॅनेल. तिने मागितलं होतं तसंच.

शुक्रवारी जुनं पॅनेल घेऊन काशीमीऱ्याला युसुफभाईकडे गेलो. ट्रकच्या मागे नावं लिहिणारा माणूस, हात असा की डोळे मिटून लिहील. काम घेताना मी मोबाइलवर पॅनेलचा फोटो काढला होता. तो दाखवला.

"ऐसा का ऐसा चाहिए. लाल ऑइल पेंट में."

त्याने फोटो मोठा करून पाहिला. "ये आखरी का 'न' दबा हुआ है. सीधा कर दूँ? अच्छा दिखेगा."

"नहीं. दबा हुआ ही रखो."

"और 'र' भी टेढ़ा है."

"टेढ़ाच रखो, युसुफभाई."

त्याने ब्रश खाली ठेवला. "मिस्त्री, कोई गड़बड़ का काम है क्या?"

मी म्हटलं, गिऱ्हाइकाची आवड. त्याने खांदे उडवले आणि अर्ध्या तासात लिहून दिलं. फोटोशी ताडून पाहिलं, काही फरक नव्हता. मनावरचं ओझं उतरलं असं तेव्हा वाटलं.

घरी आलो तर मोल्ड पडवीत पडलेला. आतून नाव दिसत होतं. रविवारी बाई आली आणि तिने पाहिलं तर? म्हणून हातोडा घेतला. फायबर सहज फुटत नाही. ग्राइंडर लावून चार तुकडे केले, गोणीत भरले. शनिवारी सकाळी घंटागाडी आली, गोणी दिली. सुनंदा दारात उभी होती. तिने तोंड फिरवलं.

रविवारी रोजलीन चर्चमधल्या मिस्साहून थेट आली, चांगली साडी नेसून, त्याच बाइकवर. मी आधी नवीन पॅनेल लावून दाखवलं. दोन्ही स्क्रू पहिल्या झटक्यात बसले. ती खूश झाली. मग मी जुनं पॅनेल कागदातून काढून दिलं.

तिने ते दोन्ही हातांत घेतलं. बघितलं आणि हसली. मग अंगठा 'ज'च्या दांडीवरून फिरवला. पुन्हा फिरवला.

"केस कुठं हाय?"

फोटोत केस दिसत नव्हता. युसुफभाईला सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

"पुसताना गेला असेल," मी म्हटलं.

ती अक्षरांकडे बघत राहिली. "रंग पन नवा हाय, मिस्त्री."

आतून चहा घेऊन सुनंदा आली होती. ती म्हणाली, "अहो, खरं सांगा त्यांना."

मग सांगितलं. वॅक्स, पीव्हीए, टेस्ट, युसुफभाई, सगळं. खाली बघूनच सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, ओरडेल. मंजुबेनची खिडकी उघडी होती, त्याही ऐकतील. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिने एवढंच विचारलं, "म्हंजे अक्षरं त्या साच्यात गेली?"

"हो."

"मग साचा दे ना. उलटी का असंना. त्याचीच हायत ती."

मी सुनंदाकडे पाहिलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"फोडला," मी म्हणालो. "काल घंटागाडीत दिला."

आपल्या शहराचा कचरा कुठे जातो, हे उत्तनच्या माणसाला सांगावं लागत नाही. रोज त्यांच्याच दारावरून कचऱ्याच्या गाड्या डोंगरावरच्या डंपिंग ग्राउंडला चढतात.

"म्हंजे आमच्याच डोंगरावर," ती म्हणाली.

मी म्हटलं, मी जातो, शोधतो. ती म्हणाली, "न्हाय गावायचं. तिथं काय एक गोनी हाय?" तरी मी सोमवारी गेलो होतो. गेटवरच्या माणसाने विचारलं, काय हरवलंय. मी म्हटलं, फायबरचे चार तुकडे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत फिरलो.

जाताना तिने जुनं पॅनेल माझ्या हातात परत दिलं. "ह्ये तुज्या पेंटरचं हाय. तू ठेव." मग बाइकला किक मारली, नव्या पॅनेलवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, "फिटिंग मात्र बरी केलीस." टोमणा नव्हता तो. ती मनापासून म्हणाली, आणि तेच मला आजपर्यंत सलतंय.

अक्षरं गेली ती माझ्या चुकीने. चूक कुणाचीही होते, आणि अक्षरं मोल्डमध्ये जशीच्या तशी जपून राहिली होती, होडीच्या ब्रशाच्या केसासकट. ती मी नंतर, शुद्धीवर असताना, ग्राइंडरने कापली. चार दिवस माझ्याजवळ होते. फोन खिशात होता.

ते पॅनेल पडवीत खिळ्याला टांगलंय, सेलोटेपच्या रिळाशेजारी. कधीकधी रोजलीनची बाइक भाईंदरच्या फाटकाजवळ दिसते. काळं पॅनेल छान चमकतं. ती हात करते, मीही करतो.

आता कुठलंही काम सुटलं की मोल्ड आधी गिऱ्हाइकाला दाखवतो. हे फोडू का, म्हणून विचारतो. सगळे म्हणतात, फोडा की, आम्हाला काय करायचंय त्याचं. तरी विचारतो.