आक्कांची गार भाकरी

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

परवा तुमच्या आईनं फोनवर सांगितलं, की यंदाच्या हिवाळ्यात तुम्ही आईबाबांसकट चौघं शिडाच्या बोटीतून महासागर ओलांडणार आहात, आणखी बऱ्याच बोटींच्या ताफ्याबरोबर. मी घाईनं फोन ठेवला. तिला वाटलं, आजी घाबरली. घाबरले नव्हते. मला आक्का आठवल्या. तुम्ही निघण्याआधी त्या तुम्हाला ठाऊक असाव्यात, म्हणून हे लिहिते आहे.

"सांच्याला मुक्काम कुठं?" हा आक्कांचा प्रश्न. रामराम नाही, की ‘बरं हाय का?’ नाही. कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हाच. तुमचे आजोबा पोस्टात निघाले तरी आक्का कुंपणापलीकडून विचारत, "सायेब, सांच्याला मुक्काम कुठं?"

"घरीच की, आक्का. पोस्ट काय काशीला आहे?"

"मग बेस."

ही नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही बारामतीजवळ कन्हेरीत राहत होतो आणि मी बारामतीच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आक्का शेजारी, एकट्या. मेंढपाळाच्या घरातल्या. तरुणपणी दरवर्षी दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणाच्या वाटेला लागायच्या. भांडी, कोंबड्या आणि सगळ्याच्या वर बांधलेलं तान्हं पोर. नवरा गेला, तेव्हा पोराची शाळा सुटू नये म्हणून त्यांनी मेंढरं विकली, घोडा विकला आणि एका जागी बसल्या. "त्येला चार भिताडं पायजे व्हती," म्हणायच्या. पोरगा शिकला, इंजिनिअर झाला, इंग्लंडला गेला, तिथंच लग्न केलं. दोन मुलं झाली. आक्कांनी ती फक्त फोटोत पाहिली होती.

त्याचा फोन आमच्याकडे यायचा. एकदा बोलणं संपलं तरी आक्का रिसीव्हर धरून उभ्याच.

"बाई, त्येनं घर इकलं."

"विकलं? का हो?"

"होडी घेतली. बायकापोरं घालून दर्या वलांडनार म्हनं. हौस."

भाताच्या घासात खडा लागावा तसा तो शब्द त्यांच्या तोंडून आला. मग जरा वेळानं चेहरा उजळला. "पर एकला न्हाय. लई होड्या हायेत, समदी कुटुंबं, संगंच निघनार. म्हंजी वाडाच की वो! आन पार झाला की पोरं घिऊन हिकडं येतो म्हनला."

वाडा म्हणजे एकत्र हिंडणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांचा तळ. आक्कांच्या वाड्याची एक रीत होती. दिवसभर बायका घोडी घेऊन एका वाटेनं जायच्या, पुरुष मेंढरं घेऊन दुसऱ्या. संध्याकाळी ठरल्या जागी गाठ. आणि शेवटचं कुटुंब तळावर पोचेपर्यंत कुणी चूल पेटवायची नाही.

दिवाळीनंतर होड्या निघाल्या आणि आक्कांची संध्याकाळची चूल बंद झाली. सकाळची भाकरी झाकून ठेवायच्या आणि अंधार पडला की गार खायच्या. मी कालवण गरम करून नेलं तर म्हणत, "ऱ्हाऊ द्या, सकाळी खाते." तुमच्या आजोबांनी एकदा थट्टा केली, "आक्का, तो तिकडं गरमगरम जेवत असेल."

"जेवू द्या की. आय हितं बसलीया न्हवं गार खायला."

मी शाळेतला नकाशा आणून दाखवला. "आक्का, समुद्रात मुक्काम नसतो. रात्रंदिवस चालतच राहायचं."

त्यांनी निळ्या पानावर तळवा ठेवला. "येवढ्यात येक झाड न्हाय?"

"नाही."

"मग मागं ऱ्हायला त्येच्यासाठी कोन थांबतं?"

त्यांच्या मुलानं पाठवलेलं ताफ्याचं माहितीपत्रक मी वाचलं होतं. ज्यानं त्यानं आपली बोट सांभाळायची; आधी पोचेल त्याला बक्षीस. मी तसंच सांगितलं.

"शर्यत हाय म्हना की," आक्का म्हणाल्या. "मीच येडी, वाडा म्हनत हुते."

तरी चूल पेटली नाही.

थंडी चांगलीच वाढल्यावर एका दुपारी फोन आला. मी हाक मारली तशा आक्का हातातल्या मेथीसकट धावत आल्या. तो एवढ्यानं ओरडत होता की मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, पोचलो! सगळे ठणठणीत!"

"कवा?"

"झाला की आठवडा-दीड आठवडा. इथं रोज समारंभ, मेजवान्या. सवडच झाली नाही बघ."

आक्कांनी डोळे मिटले. "हिकडं कवा येताय?"

"आता कसं जमेल, आई? होडीतच सगळं गेलं. पुढच्या वर्षी नक्की."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. दारात थांबल्या. "बाई, पोरगं कवाच तळावर उतारलं हुतं. आन मी हितं गार भाकरी खातीया." मग हसल्या. ते हसू मला आजही नको वाटतं.

त्यानंतर आक्का फोनवर आल्या नाहीत. मी हाक मारली की कुंपणापलीकडूनच म्हणत, "सांगा त्येला, वाडा हालला." मी त्याला सांगे, आक्का रानात गेल्यात. पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचंही आलं. तो आला नाही. त्याचे फोनही विरळ झाले.

दुखणं वाढलं तेव्हा आक्का सणसरला बहिणीकडे गेल्या, आणि तिथंच वारल्या. क्रियाकर्म भाच्यानं केलं. मुलाला मीच कळवलं.  त्यानं विचारलं, "शेवटी माझ्यासाठी काही म्हणाली का?"

मी भाच्याला हे आधीच विचारून ठेवलं होतं. "नाही," मी म्हणाले. खरंच काही म्हणाल्या नव्हत्या.

कन्हेरीत आक्कांचा वीस गुंठ्यांचा तुकडा आहे. सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर, अजून त्यांचंच नाव आहे. वारसाची नोंद करायला कुणी आलेलं नाही.