अढीत घातलेली वाइन

माझ्या शहाणपणाचे किस्से आमच्या सावद्यात पुष्कळ फिरतात, पण हा एक मी चहा अर्धा झाल्याशिवाय काढत नाही. सुरुवातीला तुम्ही हसाल. हसून घ्या, मीही हसलो होतो.

भास्कर माझा शाळेपासूनचा मित्र, राहतो फैजपूरला. त्याचा मुलगा फ्रान्समध्ये असतो. कुंदावहिनी होत्या तेव्हा दोघं एकदा तिकडे जाऊन आले. वहिनींनी मुलाच्या घरी गॅसवर वांगी भाजून भरीत केलं आणि मुलाने त्यासोबत तिकडची नवी लाल वाइन उघडली. त्याच वर्षीच्या द्राक्षांची, ताजी, हलकी, चार-सहा महिन्यांत पिऊन संपवायची. वहिनींनी घोटभर घेतली आणि म्हणाल्या, "अहो, हिला तर आपल्या केळीचा वास येतोय." हे वाक्य भास्करने मला किती वेळा ऐकवलं असेल!

गेल्या थंडीत वहिनी गेल्या.

यंदा मुलाने तीच वाइन इकडे येणाऱ्या एका मित्राबरोबर पाठवली. वर्षश्राद्धासाठी भास्करचं घर पाहुण्यांनी भरलेलं, तिथे बाटली ठेवणार कुठे? म्हणून ती माझ्याकडे आली.

"रविवारी तुझ्या मळ्यात भरीत करू," भास्कर म्हणाला. "तिखट कमी घालजा भो, तिखटानं मरते ती. आन् जराशी गार ठेव. मले फक्त ती चव पाह्यजे, दुसरं काही नही."

आता मी पडलो केळीवाला. ह्याच वर्षीची म्हटल्यावर माझ्या डोक्यात काय आलं असेल? ही कच्ची आहे! दारू जितकी जुनी तितकी भारी, एवढं तर न पिणाऱ्यालाही ठाऊक असतं. आणि कच्चा माल समोर असताना गप्प बसायचं आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. त्यातून वहिनींना केळीचा वास आला होता. मग तो वास वाढवायला माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या तालुक्यात कोण?

घरच्या केळीची अढी पिकायला घातलीच होती, गवत आणि पोत्यांखाली. बाटली मधोमध खुपसली. अढीत हात घातला तर तापलेल्या कपाळावर ठेवल्यासारखा वाटत होता.

शोभा, म्हणजे आमची ही, म्हणाली, "अहो, भाऊजींनी गार ठेवा म्हटलं होतं. फ्रीजमध्ये ठेवा ना."

"फ्रीजमध्ये काही पिकतं का?" मी म्हणालो.

मधे भास्करचा फोन आला. "बाटली बरी शे ना?"

"तू काळजी करू नको. मी रोज पाहतोय." खोटं नव्हतं ते. मी रोज तिला कूस बदलून देत होतो.

रविवारी मळ्यात तुरीच्या काठ्यांवर वांगी भाजली. शोभाने मिरची बेतानेच घातली. भास्कर धुतलेला सदरा घालून आला होता, लग्नाला आल्यासारखा. बाटली काढली तर बूच आपोआप वर सरकलेलं. मी खूश. फळ पिकलं की देठ सुटतो, तसंच.

भास्करने आधी भरिताचा घास घेतला, मग वाइनचा घोट. घोट तोंडात धरून तो बराच वेळ बसला. मग ग्लासकडे पाहिलं आणि दुसरा घोट घेतला.

"लागली ना चव?" मी विचारलं. "अढीत घातली होती."

"काय घातलं?"

"बाटली. कच्ची होती ना. पिकवली."

भास्कर हसायला लागला. शोभाने कपाळावर हात मारला आणि तीही हसली. मग मीही. हसता हसता भास्करच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने ते पुसलं. परत आलं, परत पुसलं. हसणं थांबलं तरी पाणी काही थांबेना.

"वर्षभर ती चव जिभेवर होती रे," तो म्हणाला. "डोळे मिटले की यायची. आता मिटू राह्यलो, तं ही आंबट चवच येते."

शोभाने मान खाली घातली. मला खूप वाईट वाटलं. पाय धरावेत इतकं वाईट वाटलं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण हातात बाटली तशीच धरलेली, आणि तोंडाला सुचलं ते एवढंच.

"अजून थोडी घेतो का?"