टाकीबाई

टाकीबाईंनी हवेला कधी छान म्हटलं नाही. विमानतळाबाहेरच्या टपरीवर दिंडोरीचा एखादा बागायतदार म्हणायचा, ‘लय मस्त हवा हाय आज!’ बाई सांगायच्या, ‘वारा ईशान्येचा आहे. मंद आहे.’ बागायतदार चहा संपवून निघायचा.

नाशिकच्या विमानतळावर वैमानिकांना हवेची आणि रनवेची खबर देणं हे आमचं काम. मी नवी लागले तेव्हा बाईंनी मला गच्चीवर नेलं. समोर पाण्याची टाकी, मागे द्राक्षांचे मळे, पलीकडे डोंगर. यातलं काय दिसतं, यावरून किती लांबचं दिसतंय ते ठरवायचं. यंत्रं होती, तरी बाई टाकी बघायला गच्चीवर जायच्याच. म्हणून हे नाव. ‘दिसतं तेवढं सांगायचं,’ त्या म्हणायच्या. ‘दिसेलसं वाटतं, ते नाही.’

एका डिसेंबरात त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता, दुपारी, गावातल्या द्वारका चौकाजवळच्या हॉलमध्ये. मुलाचे आईवडील आदल्या दिवशीच आले होते. मुलगा हैदराबादहून सकाळच्या विमानानं येणार होता. बाईंची रजा होती, पण ड्यूटीवरचा माणूस तापानं आडवा झाला. बाई सकाळपुरत्या आल्या. हातावर मेंदी, रेशमी साडीवर स्वेटर.

विमान जवळ आलं आणि मळ्यांवरचं धुकं रनवेवर सरकलं. टॉवरमधून फोन आला, ‘मॅडम, जावईबापू वर आहेत. नीट बघा ना.’ बाई गच्चीवर जाऊन आल्या आणि किती मीटरपर्यंत दिसतं तो आकडा कळवला. थोड्या वेळानं पुन्हा गेल्या. मी मागोमाग गेले. कठड्याशी उभ्या राहून त्या पदरानं डोळे पुसत होत्या. मला पाहून म्हणाल्या, ‘टाकी अजून नाही.’

विमान घिरट्या घालून मुंबईला गेलं.

हॉलवर पाहुणे जेवून पांगले. विहीणबाईंनी विचारलं, ‘ड्यूटीवर तुम्हीच होता ना?’

‘हो.’

‘मग थोडं दिसतंय म्हणायला काय झालं होतं?’

‘दिसत नव्हतं.’

‘स्वतःच्या जावयाला परत पाठवणाऱ्या घरात सोयरीक नको,’ असं म्हणून विहीणबाई ओटीचं सामान पिशवीत भरू लागल्या. मुलगी आईकडे बघत राहिली.

दिवेलागणीला मुलगा टॅक्सीनं पोचला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘आई, त्या विमानात मी होतो.’

विहीणबाई खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी पिशवीतून नारळ बाहेर काढला. साखरपुडा झाला.

पुढे बाई निवृत्त झाल्या. नाशिकला यायचं असलं की विहीणबाई विमानात बसण्याआधी त्यांना फोन करायच्या. ‘मी आता घरी असते, ऑफिसला विचारा,’ बाई सांगायच्या. ‘ऑफिसचं असू दे. तुम्हाला काय दिसतंय?’ मग बाई गुडघे धरत इमारतीच्या गच्चीवर चढायच्या आणि दिसेल ते सांगायच्या.

यंदा थंडीत बाई गेल्या. दहाव्याला विहीणबाई रेल्वेनं आल्या, रात्रभर बसून. ‘विमानानं का नाही आलात?’ मी विचारलं.

‘कुणाला विचारून बसू?’ त्या म्हणाल्या.