बेटावरचं वेळापत्रक

“वेळेत आहोत,” असं ते आधी म्हणायचे आणि मग मनगट उलटं करून घड्याळ बघायचे. तबकडी कायम आतल्या बाजूला, नाडीवर. डॉक्टरसुद्धा दुसऱ्याची नाडी इतक्यांदा बघत नसतील. लग्नाच्या पंगतीत, स्मशानात, दाढ सुजलेली असताना दवाखान्याच्या बाकावर, कुठेही विचारा, हे गृहस्थ वेळेत असायचे.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, पण लांबून. माझं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. रेल्वेच्या ऑफिसात, गाड्यांच्या वेळा आखायच्या विभागात, अकरा वर्षं त्यांचं टेबल माझ्या टेबलासमोर होतं आणि सिविल लाइंसमध्ये त्यांचं भाड्याचं घर माझ्या घरासमोर. त्यांचे वडील फौजेत होते, झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत बदलीवर आले आणि इथलेच झाले. आमचं घराणं त्याच्याही कितीतरी आधीपासून झाशीत. इतक्या पिढ्यांत आमची मराठी बरीच झिजली, पण जीभ मात्र धारदार राहिली. माझं लग्न झालं नाही ते या जिभेमुळेच, असं नातेवाईक म्हणतात. मी ते कधी खोडून काढलेलं नाही.

ते मला ताई म्हणायचे, त्यांची मुलं आत्या. मुलगी पंधरा वर्षांची होती, मुलगा तेरा. मराठी दोघांना पुरती कळायची, पण उत्तर हिंदीतच यायचं, आणि तेही मोबाईलवरची मान वर न करता.

एकदा त्यांचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी सांगितलं, जरा आराम करा. दुसरा कोणी चार दिवस पलंगावर पडला असता. यांनी आरामाची योजना आखली. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत रंगीत कागद पसरून बसायचे. शेवटी एक दिवस मला म्हणाले, “ताई, मालदीवचं एक बेट आहे. पाच दिवस. राहणं, जेवण, बोट, मासे बघणं, सगळं त्यातच आलं. आपण फक्त आराम करायचा. तुम्हीही चला. मुलीच्या खोलीत एक पलंग रिकामा राहतोय.”

रिकाम्या पलंगासाठी कोणी बोलावलं तर शहाण्या माणसाने नाही म्हणावं. मी गेले. मी समुद्र पाहिलेला नव्हता, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. ही मंडळी आराम कसा करतात ते मला बघायचं होतं.

बेटावर उतरल्याबरोबर प्रत्येकाच्या मनगटावर नारिंगी प्लास्टिकचा पट्टा बांधला. हा पट्टा दाखवला की काहीही खा, काहीही प्या. जनावरांच्या बाजारात कानाला बिल्ला मारतात, त्याची मला आठवण झाली. तिथली सगळी माणसं एकसारखी हसत होती आणि “रिलॅक्स, सर, रिलॅक्स” म्हणत होती. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला होता. तो मोडल्याशिवाय अंग पुसायची सोय नव्हती. जेवणाच्या दालनात भोपळ्याचे सहा प्रकार, आणि एकाही प्रकाराला भोपळ्याची चव नाही. पाहुणे तर विचारूच नका. सकाळपासून ताटं भरून घ्यायची, अर्धी टाकायची, उन्हात आडवं व्हायचं, पुन्हा उठून ताट भरायचं. आजारी माणसं जे नाइलाजाने करतात, ते ही हौसेने करत होती.

आमच्या या गृहस्थांनी पोचल्यापासून वीस मिनिटांत बॅगेतून एक कागद काढला. वेळापत्रक. ऑफिसात टाइप केलेलं, वर प्लास्टिक चढवलेलं, तीन प्रती. एक त्यांच्या खोलीत, एक आमच्या आरशावर, एक त्यांच्या खिशात.

“०५.५० उठणे. ०६.१० सूर्योदय. ०७.०० नाश्ता. ०८.१५ समुद्र (गुडघ्यापर्यंत).” मी मोठ्याने वाचलं. “१४.१५ ते १५.४०, आराम. आणि कंसात हे काय? ‘सक्ती नाही, परंतु अपेक्षित’?”

“मुलांना मोकळीक पाहिजे ना, ताई,” ते गंभीरपणे म्हणाले.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, फक्त “असू दे हो” म्हणाल्या. अठरा वर्षांच्या संसारात त्यांनी हे वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की त्याला आता काही अर्थ उरला नव्हता.

पहिले दोन दिवस आम्ही वेळेत आराम केला. पहाटे आम्हा पाच जणांची रांग वाळूत उभी, मुलं उभ्या उभ्या झोपलेली, आणि हे घड्याळ धरून सूर्याची वाट बघतायत. सूर्य चार मिनिटं उशिरा दिसला तर यांच्या चेहऱ्यावर खात्याची नाराजी. समुद्रात वहिनी ओढणी खोचून उभ्या, आणि काठावरून सूचना: “आणखी सात मिनिटं आहेत.” मुलगी एकदा जरा पुढे गेली तर ओरडले, “गुडघा! गुडघा!” सगळी गोरी माणसं माना वळवून बघायला लागली. मुलगी पाण्यातून निघाली आणि सरळ खोलीत गेली.

त्या संध्याकाळी ती पलंगावर पडून माझ्यापुढे बापाची नक्कल करत होती. मनगट उलटं करून, मान वाकडी करून. नक्कल उत्तम होती. मी हसले. हसून थांबले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण आपण तिखट बोलतो आणि समोरची मुलं खूश होतात, याची एक नशा असते. मी तिच्याच हिंदीत म्हटलं, “तुम लोगों की छुट्टी तो तभी होती है, जब पापा ड्यूटी पर होते हैं.”

ती खळखळून हसली. उशीत तोंड खुपसून हसली. माझ्या वाक्याला इतकी दाद ऑफिसात कधी मिळाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ०९.३० ला काचेच्या तळाची बोट होती, मासे बघायला. ती दिवसातून एकदाच निघायची. नाश्त्यानंतर दोन्ही मुलं गायब. आधी यांना राग आला. बेट एवढंसं, चालत फिरायला पंधरा मिनिटं लागतात. हे एकदा फिरून आले, दुसऱ्यांदा फिरून आले. तिसऱ्या फेरीला ते धावत होते. वहिनी पाण्याकडे बघत रडायला लागल्या. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, “रिलॅक्स, सर.” त्यावर त्यांनी टेबलावर असा हात आपटला की तिचं हसू पहिल्यांदाच गेलं. सगळीकडे पाणी, आणि त्या दोघांना पोहता येत नव्हतं.

आम्ही स्वयंपाकघराच्या मागे गेलो. पाहुण्यांनी तिकडे जायचं नसतं. तिथे लाँड्री होती. मोकळ्या जागेत पांढऱ्या चादरी रांगेने वाळत घातलेल्या, आणि त्यांच्या सावलीत, धुवायला आलेल्या टॉवेलांच्या ढिगावर, दोघं बहीणभाऊ गाढ झोपले होते. मुलाचं तोंड उघडं, मुलीचा पाय त्याच्या पोटावर. पाच वर्षांची असताना झोपत असतील तसे.

शेजारी एक म्हातारासा माणूस इस्त्री करत होता. आम्हाला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं. “सो रये हैं बाबूजी,” तो हळूच म्हणाला. “तनक सोन दो.”

मालदीवच्या बेटावर आमच्या झाशीकडची बुंदेली बोली! माणूस आमच्याच जिल्ह्यातल्या मऊरानीपूरचा निघाला. मुलं पहिल्याच दिवशी त्याची बोली ऐकून त्याच्याशी बोलायला लागली होती आणि तिथेच येऊन बसत होती. दुसऱ्या कोणी अशा वेळी खाली बसून देवाचे आभार मानले असते. यांनी बोटाने दोघांना मोजलं, एक, दोन. पण तोंडातून निघालं ते हेच:

“साडेनऊची बोट गेली!”

मुलं दचकून उठली. मुलगी उभी राहिली, चेहऱ्यावर टॉवेलाचे वळ. पाच दिवसांसाठी एवढा खटाटोप केला, आणि तुम्हाला झोपायचंच होतं तर झाशीत झोपायचं, असं बरंच काही ते बोलले. ती ऐकत राहिली. मग तिने माझं वाक्य म्हटलं. शब्द न् शब्द, फक्त ‘हमारी’ आणि ‘आप’ घालून.

“पापा, हमारी छुट्टी तो तभी होती है, जब आप ड्यूटी पर होते हैं.”

इस्त्रीवाल्याने मान खाली घातली. वहिनींना “असू दे हो” म्हणायला सुचलं नाही. मी चादरींकडे बघत उभी राहिले.

ते इस्त्रीवाल्याला म्हणाले, “भैया, आपका शुक्रिया,” आणि चालायला लागले. आम्ही खोलीत गेलो तर आरशावरचा कागद काढलेला होता. काचेवर चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिले होते.

उरलेले दोन दिवस ते बोटीच्या धक्क्यावर बसून होते. मुलं दहाला उठली, वाटेल तेव्हा जेवली, कमरेपर्यंत पाण्यात गेली. वहिनी लहान मुलीसारख्या शिंपले वेचत होत्या. मीही मजा केली, खोटं कशाला बोलू? तिथला कोणीतरी हसऱ्या तोंडाने त्यांच्यापाशी जाऊन विचारायचा, “रिलॅक्सिंग, सर?” ते मान डोलवायचे.

झाशीला परतल्यावर त्यांनी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, “एकदम आराम झाला.” मी समोरच्या टेबलावर फाइल उलटत होते.

पुढच्या रविवारपासून ते सकाळी नऊला डबा घेऊन घराबाहेर पडायला लागले. ऑफिसचं काम, म्हणायचे. रविवारी आमच्या विभागाला कुलूप असतं हे मला माहीत होतं. माझ्या मनात नको ते आलं, आणि ते मी दोन-तीन जणींपुढे बोलूनही दाखवलं. मग एकदा दुपारी एका मैत्रिणीकडे जाताना छावणीच्या रस्त्यावर रिक्षातून मला ते दिसले. कडुलिंबाखालच्या पुलियाच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, कठड्यावर, चपला काढून, मांडीवर वर्तमानपत्र, शेजारी उघडा डबा. मी रिक्षा थांबवली.

“इथे काय करताय?”

“काही नाही. घरी मुलं आहेत. जरा मोकळी राहू देत.” मग डबा पुढे केला. “भेंडी आहे. घ्या.”

हे एक-दोन रविवार चाललं असेल, असं तुम्हाला वाटेल. नऊ वर्षं चाललं. मुलं शिकली, मुलगा पुण्याला गेला, मुलगी नोकरीला लागली. ते रिटायर झाले, तरी रविवार चुकला नाही. वहिनी डबा भरून द्यायच्या आणि कुठे जाता म्हणून विचारायच्या नाहीत.

मग एका सुट्टीत मुलगी माझ्याकडे आली, खूप चिडलेली.

“आत्या, आप ही समझाइए. मी सगळ्यांचं बुकिंग केलंय. तेच बेट, तेच सगळं. पापा म्हणतात तुम्ही जा, मी घर बघतो. अहो, इथे काय आहे बघायला?” तिची मराठी आता बरीच सुधारली होती. “लहानपणची सगळ्यात छान ट्रिप होती ती. पापा पण किती खूश होते. धक्क्यावर कसे निवांत बसून असायचे, आठवतं?”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती नाटक करत नव्हती. तिला काहीच आठवत नव्हतं. आठवणार तरी कसं? वाक्य तिचं नव्हतंच.

आयुष्यात पहिल्यांदाच मी तोंड मिटून बसले. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. ते अंगणात कुंडीतली माती उकरत होते.

“मुलगी विसरलीये ते,” मी म्हटलं. “आणि ते वाक्य तिचं नव्हतं. माझं होतं. आदल्या दिवशी मीच तिच्यापुढे बोलले होते.”

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. “मला वाटलंच होतं, ताई. इतकं नेमकं ती बोलत नाही.” त्यांनी हातावरची माती झटकली. “तुम्ही म्हणालात, तेव्हा ती हसली होती का?”

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण मला ते जमलं नाही.

“हसली होती,” मी म्हटलं.

“मग झालं तर.” ते पुन्हा माती उकरायला लागले.

शुक्रवारी मुलगी, मुलगा आणि वहिनी गेले. ते स्टेशनवर पोचवायला गेले होते. वहिनी बाहेरगावी गेल्या की त्यांचं जेवण माझ्याकडे असतं, म्हणून दोन वेळा मी डबा पाठवला. शनिवार ते घरातच होते. रेडिओ लावलेला ऐकू येत होता.

रविवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. समोरचं दार उघडलं. ते बाहेर आले, हातात पिशवी, पिशवीत मी पाठवलेला डबा. घरात कोणीही नव्हतं. ज्यांना मोकळं सोडायचं ते सगळे समुद्राच्या पार होते. त्यांनी दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि छावणीच्या रस्त्याला लागले.